आईचं विरजण

मिनास जेराइस, गुरुवार

दाल्वा,

रविवारी तुझं चीज फसलं म्हणून तू विरजण मागायला आलीस आणि मी बाटली भरून दिली. आईपासून चालत आलेलं विरजण आपण शेजारणीलाही नाकारत नाही, तू तर पाठची बहीण. त्याच सकाळी बोनेका गाईच्या सडांवर फोड दिसले होते. तुझे दाजी म्हणाले, "वासराचा दात लागलाय गं, उगाच घोर लावून घेऊ नकोस." मलाही तेच ऐकायचं होतं.

आता त्यांच्याच बोटांवर टरारून फोड आलेत, अंगात ताप आहे. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "ही गुरांची देवी आहे, बाई. दूध काढणाऱ्याच्या हाताला होते आणि त्याच हातानं पुढच्या गाईला. दुधातूनही जात असेल, घरातलं काही बाहेर देऊ नका." दिलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आमचं विरजण मी ओतून टाकलं. म्हणजे आईचं आता फक्त तुझ्याकडे उरलंय. तेही टाक, फळीवरचं चीजही टाक. तुझी लेक इरासी अजून विरजणात बोट बुडवून चाटते का गं?

हे पत्र पाठवणार नाही. आज माझ्याही अंगठ्यावर फोड आलाय आणि कागद त्याच हातानं धरलाय. मीच येते, फाटकाबाहेरून हाक मारीन. इरासी मावशी मावशी करत धावत येईल, आणि मला पहिल्यांदाच तिच्यावर ओरडावं लागेल.

लांबूनच,
तुझी ताई झुल्मीरा