अपील मागे घेणार नाही

४ मार्च
ठरलं. अपील शेवटपर्यंत लढणार. सुपरवायझरच्या डोक्यात लोखंडी पाना घातला, हे खरं. का घातला, ते खालच्या कोर्टाने ऐकलंच नाही. आमचे हे मशीनमध्ये सापडून गेले, आणि तो आमच्या दारात उभा राहून म्हणतो, चूक त्याचीच. आता वरच्या कोर्टाकडून लिहून घेणार: यांची चूक नव्हती.

७ मार्च
सरकारी खर्चाची वकीलबाई जेलमध्ये भेटून गेली. वयाने लेकीसारखी. म्हणाली, "मावशी, अपील मागे घ्या. निकालाआधी आत काढलेले महिने शिक्षेत धरायला सांगते. लगेच घरी." घरी कोण वाट बघतंय? आणि मागे घेतलं की यांची चूक कबूल केल्यासारखंच. म्हणाली, "कोर्ट पान्याचं विचारणार, मशीनचं नाही." अनुभव कमी पडतो बिचारीला.

११ मार्च
जेलच्या लायब्ररीतलं कायद्याचं पुस्तक वाचून काढलं. सुरुवातीची बरीच पानं उंदरांनी खाल्लीत, पण मुद्दा लक्षात आला. वाचायला मी यांच्या मशीनच्या पुस्तकावरून, माझी मीच शिकले. त्यापेक्षा कायदा सोपा.

१५ मार्च
भाषण तयार. बराकीत म्हणून दाखवलं. चोरीच्या केसमधली शेजारीण रडली. मग म्हणते, "काकू, मशीनच्या जाळीचं जरा जास्तच होतंय." अगं, तेच तर मुख्य! हात आत जाऊ नये म्हणून असलेली ती जाळी काढून काम करा, असं सुपरवायझरनेच यांना सांगितलं होतं. एक शब्द गाळणार नाही. मात्र आवाज चढवायचा नाही. संयम.

२० मार्च, कोर्टातून परत
जजसाहेबांनी विचारलं, "मारलंत का?" मी संयमाने म्हटलं, "मारलं. पुन्हा तसं बोलला तर पुन्हा मारीन." वकीलबाईने माझा हात असा दाबला की बोटं बधिर झाली. मी कागद उलगडेपर्यंत ती म्हणालीसुद्धा, अपील मागे घेतो, आतले दिवस धरावेत. साहेबांनी मला विचारलं, "मान्य आहे?" मी म्हटलं, आधी मशीनचं ऐका. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते इथे येतच नाही."
मग हो म्हटलं. सकाळपासून उभी होते, पाय दुखत होते. बाकी काही नाही. हार मुळीच नाही.

२२ मार्च, घरी
सुटले. जाऊबाई दूध ठेवून गेल्या. निकाल दोनदा वाचला. अपील मागे घेतलं, आत काढलेले दिवस शिक्षेत धरले, शिक्षा पुरी. जाळी नाही, मशीन नाही. यांचं नाव एकदाच आलंय. माझ्या नावात, मधे.