बेडकाला द्यायचं नाव

सांगली, ७ जुलै १९४६
सातारच्या पठारावर मला सापडलेला बेडूक वेगळा ठरला. कलकत्त्याचे तज्ज्ञ कळवतात, हा कुठल्याच जुन्या प्रजातीत बसत नाही, नवी प्रजाती करा, नाव तुम्हीच सुचवा. प्राणी अंगठ्याच्या नखाएवढा. कॉलेजात सगळ्यांना चहा पाजावा लागला.

११ जुलै
नाव सुचेना. पठारावरून द्यावं, की माणसावरून? शेवटी सौ.चं द्यायचं ठरवलं. 'सुमती'ला लॅटिन शेपूट जोडलं की झालं. तिला अजून बोललो नाही. मी मात्र खुशीत आहे, वहीत तरी कशाला लपवा.

१४ जुलै
सासूबाई मिरजेच्या दवाखान्यात. सौ. सोबत. दुपारी जाऊन आलो. गुंगीत सारख्या "गंगू, गंगू" करतात. नर्सनं विचारलं, गंगू कोण? मेव्हणी असेल, असं सांगणार होतो. सौ. म्हणाली, "मी."
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुमती' मीच लिहिलं होतं. आधीचं नाव साफ विसरलो होतो.

२० जुलै
सासूबाई गेल्या. दिवस होईपर्यंत सौ. माहेरी, कवठे महांकाळलाच. खानावळीचं जेवण. पोट बिघडलं.

४ ऑगस्ट
सौ. परतली. बेडकाचं सांगितलं. वाटलं, तेवढंच बरं वाटेल तिला.
"सुमती तुमी ठिवल्यालं नाव. बेडकाला द्या न्हाईतर म्हशीला द्या, मला काय? गंगू म्हननारी येकच हुती, ती गेली."
म्हटलं, मग गंगूचं देऊ.
"नगं. आवं, त्येवढं तरी माजं ऱ्हाऊ द्या."
राग आला. शास्त्रात नाव जाणं म्हणजे केवढा मान, हिला कळत नाही.

९ ऑगस्ट
कलकत्त्याहून तगादा. लेख तयार आहे : रंग, बोटं, ओरडण्याची तऱ्हा. नावाची जागा तेवढी कोरी. पठारावरून देऊन मोकळं व्हावं म्हणतो, हात चालत नाही.
जुन्या बेडकाचं शास्त्रीय नाव बदललं, तर त्याचं आधीचं नाव शेजारी नोंदून ठेवायची पद्धत आहे. बेडकांच्या बाबतीत आम्ही एवढं पाळतो. स्वतःची लाज वाटली.

१२ ऑगस्ट
लेख तसाच पडून. सकाळी सौ. भाकरी थापत होती. दारात उभा राहून "गंगू" म्हटलं. आजवर 'अगं'वरच भागवलं, नावानं हाक अशी कधी मारलीच नव्हती.
तिनं मागं पाहिलं नाही. थापणं तेवढं थांबलं.
"आई लांबवून म्हनायची," म्हणाली. "पुन्यांदा म्हना."