किरकोळ उल्लेख

४ मार्च

अण्णांच्या सव्वीस वह्या आल्या. दादाने पोत्यात भरून पाठवल्या. वर चिठ्ठी — "तुला कागदांचं वेड, तूच सांभाळ." शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस रोज दोन ओळी लिहीत होता आणि मला पत्ता नाही!

असणार कसा? एकोणीस वर्षं बोललो नाही. त्यांच्या दुकानात, त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि एक दिवस पुस्तकांच्या कामामागे निघून गेले. "गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस," म्हणाले. नाही दाखवलं! बाप तशी लेक. शेवटच्या आजारात दादाचा फोन — "येऊन जा गं." मी म्हटलं, त्यांनी बोलावलं तर येईन.

त्यांनी बोलावलं नाही. महिना झाला जाऊन.

६ मार्च

एकच बघायचंय. वह्यांत मी कुठे आहे का. ते मला 'धाकटी' म्हणायचे.

नुसतं वाचत बसायचा धीर नाही. म्हणून पोटापाण्यासाठी करते तेच करायचं ठरवलं — सूची. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, ती. माणूस सारखा कशाकडे वळतो ते सूचीत दिसतं. त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं कधी कधी.

सगळ्या पानांना आकडे घातले. बोटं शाईने बरबटली.

दुपारी दादाचा फोन. "शनिवारी दुकान रिकामं करतोय. काही हवंय? घड्याळ, पकडी, स्टूल?"

"काही नको मला त्यांचं!" — आणि फोन ठेवून दिला. हा माझा स्वभाव.

१७ मार्च

अकरा वह्या झाल्या. पट्टा, पाठदुखी, बॉबिन. 'वंगण — पाहा: तेल.' एकाच गोष्टीला दोन नावं असली की एकापाशी 'पाहा' लिहून दुसरीकडे धाडायचं असतं. वहिनीची भाजी "बरी" — म्हणजे फारच आवडली असणार. एका गिऱ्हाइकाला तीनदा "शहाणा". कौतुकाने नव्हे! एकटीच खो खो हसले. मग रडू आवरेना.

धाकटी नाही.

२९ मार्च

संपल्या. दादा सदतीस पानांवर. शेजारचा चांभार बावीस. मी — शून्य. एवढं काय केलं होतं हो मी, अण्णा?

दवाखान्यात नेलं त्या दिवशीची शेवटची ओळ: "हात उचलवत नाही. स्टूल पुसायचं राहिलं." घ्या! लेक नाही आठवली, स्टूल आठवलं.

३० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

१ एप्रिल

ती ओळ डोक्यातून जाईना.

आमच्या कामात नियम आहे — किरकोळ उल्लेख गाळायचा. रोजचाच, जाता जाता आलेला, ज्यातून काही कळत नाही असा. "दुकान उघडलं" मी गाळलं. "स्टूल पुसलं" गाळलं. रोजच लिहिलेलं, त्याची काय नोंद घ्यायची? वीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढे जातो.

आज म्हटलं, घेऊ या एकदा. पुन्हा पहिल्या वहीपासून बसले. "दुकान उघडलं" पहिल्याच पानावर आहे. स्टूल नाही. सात वह्यांत एकदाही नाही. आठव्या वहीत पान ४१ वर पहिल्यांदा: "स्टूल पुसलं." तिथून पुढे रोज. तापातसुद्धा. एक खाडा नाही.

पान ४१ ची तारीख पाहिली. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

बुटकं, तीन पायांचं. त्यांच्या डाव्या हाताला असायचं. त्यावर बसून मी मशीनचे स्क्रू डबीत वेगळे करायचे आणि ते न बघता हात पुढे करायचे. गाढव आहे मी. गाढव!

२ एप्रिल

सकाळीच दादाला फोन केला. स्टूल मागितलं.

"ते बुटकं स्टूल? अगं, ते तर त्याच शनिवारी भंगारात गेलं. तूच नको म्हणालीस ना. आणि अण्णा कुणाला बसूच द्यायचे नाहीत त्यावर. आम्हाला वाटलं, मोडकं असेल."

३ एप्रिल

सूचीत एक नोंद वाढवली.

धाकटी — पाहा: स्टूल.