बाबा रडू नयेत म्हणून

६ ऑक्टोबर, सोमवार
आज बाबा चहा पाहून रडले. कप हातात दिला आणि सुरू. काल टीव्हीवरच्या खताच्या जाहिरातीवर. पावसाळ्यात लकवा मारला तेव्हापासून उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली, आणि हे रडणं लागलं ते लागलं. दिवसातून कितीदा, कोण मोजते.
काका ओसरीतून ओरडला, "दादा, मर्द मानूस रडते का?" हा माझा सख्खा काका. बाबांच्या जागी घर चालवून राहिला. म्हणजे खाटेवर बसून घरातल्यांना कामं सांगते.
गोंदियाच्या मेंदूच्या डॉक्टरने पांढरी गोळी दिली. म्हणाला, हे रडणं सगळं दुःखाचं नाही, लकव्याच्या झटक्यानं मेंदूत जे बिघडलं त्याचं आहे, गोळीनं कमी होईल. एवढं बोलला आणि पुढच्या पेशंटची घंटी. आम्ही चप्पल घालेपर्यंत दुसरा आत बसला होता.
आई तिला मनाची गोळी म्हणते. काका वेड्याची गोळी.

१२ ऑक्टो.
गोळी लागू पडली. बाबांचं रडणं निम्म्यावर. आई देवापुढे अगरबत्ती लावून आली. देवानं काय केलं त्यात?
पण बाबांना घाम फुटते. पंखा सुरू, बनियान ओलं. जेवायचं नाव काढलं की मळमळ. जेवण तरी काय, अळणी पेज आणि अळणी भाजी. लकव्याच्या वेळी दवाखान्यात सांगितलं होतं, बीपी आहे, मीठ कमी करा. आमच्या घरात कमी ही गोष्टच नाही. काकाने फर्मान काढलं, दादाले मीठ बंद. लोणचं बंद, पापड बंद, पेजेत चिमूटभर टाकायचं तेही बंद. आई त्यांची भाजी वेगळ्या गंजात शिजवते, चमचा वेगळा ठेवते, सोवळ्यासारखं. मी म्हटलं थोडं टाक. "तू डाक्टर आहेस का?" नाही ना. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलेला आहे. बाबा पडले त्याच आठवड्यात सोडलं. गावात सांगतात नापास झाला. सांगा.
गोळ्या आणायला गोंदियाला गेलो तर बसस्टँडवर श. दिसली. मैत्रिणीला म्हणाली, "ये हमारे गाँव तरफ के पहचानवाले हैं." पहचानवाले! कॉलेजात वर्षभर एका बाकावर प्रॅक्टिकल केले, माझ्या वहीतून उतरवलं, आणि मी पहचानवाला. कामठ्याच्या बसमध्ये बसली. खिडकीतून हात हलवला. मी नाही हलवला. (हलवला.)

१८ ऑक्टो.
बाबा दिवसभर पेंगून राहिले. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं हे गाव आजवर बाबांना विचारत आलं. त्यांच्या आज्यापासूनचं काम. आज दोघे जण शेवटच्या पाण्याचं विचारायला आले. बाबांनी मान हलवली, मग डोळे मिटले. काका मधात घुसला, "दादा म्हणते आधी आपल्या खालच्या बांधीत सोडा." बाबा काही म्हटले नव्हते. ते दोघे हसले आणि गेले. मला मारावंसं वाटलं, कोणाला ते कळलं नाही.
दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणे, "दिवाली के बाद आओ, साहब छुट्टी पे." मी म्हटलं मानूस झोपूनच राहते. म्हणे, "तो अच्छा है ना, आराम मिल रहा."
यांना सगळ्यांना गप बसलेला पेशंट आवडते.

२३ ऑक्टो., भाऊबीज
परवा आमच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दंडारीचे नाच-गाणंवाले आले, नड्डे-जिलेबीची दुकानं लागून राहिली, घराघरात पाहुणे. मंडईत सोयरिकी जुळतात म्हणून काकाने बेत आखला आहे. देवरीकडचे लोक त्याच्या पोरीला, पिंकीला पाहायला येणार.
आज बाबा आत्याला पाहून रडले. थोडंसंच. काकाचं तोंड उतरलं. "पाहुण्यायसमोर असं सुरू झालं तर घरात पागल आहे म्हनतील ना बे!"
संध्याकाळी पाहतो तर काका बाबांना दोन गोळ्या देऊन राहिला.
"दोन काऊन?"
"पाहुने जाईपर्यंत. मंग पुन्हा एक."
मी तोंड उघडलं होतं. मग श. आठवली. तीही तिच्या आईसोबत येणार आहे मंडईला. मलाही वाटलं, त्या दिवशी नको रडायला. बंद केलं तोंड. मी काकापेक्षा वेगळा कुठे आहे?

२५ ऑक्टो.
मंडई. बाबांना नवं धोतर नेसवून अंगणात खुर्चीवर बसवलं. रडले नाहीत. हसलेही नाहीत. घामाने सदरा अंगाला चिकटला, मान एका बाजूला. देवरीवाले म्हणाले, "मोठे शांत आहेत तुमचे दादा." काका फुगला.
श. आली. हिरवा ड्रेस. बाबा तिला मास्तरीण म्हणायचे, लकव्यानंतरसुद्धा, तोतरं तोतरं. ती वाकली, "काका, ओळखलं का?" बाबा पाहत राहिले, जसं भिंतीकडे पाहावं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थकले आहेत. तिची आई म्हणाली चला, आकाशपाळणा बंद होईल.
दुपारी खुर्चीतून उठता उठता बाबा पडले. उचलून खाटेवर टाकलं. बाबांनी आईला विचारलं, "तू कोन?" लग्नाच्या बायकोला! आई पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली. बाहेर दंडारीचा ढोल. काका म्हणे, "दगदग झाली. झोपू दे."
झोपू दे म्हणे.

२६ ऑक्टो.
सकाळी हलवून हलवून जागे होईनात. मग हात-पाय झटकायला लागले, तोंडाला फेस. काकाला बाजूला ढकललं, खरंच ढकललं, तो कणगीवर आदळला. शेजाऱ्याची गाडी काढली. गोंदिया.

२८ ऑक्टो., दवाखाना
रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. मनाच्या गोळीनं वयस्कांत ते उतरू शकते. त्यात बीपीसाठी आधीपासून सुरू असलेली लघवी काढणारी गोळी. त्यात आमचं अळणी. त्यात काकाचा डबल डोस. डॉक्टर मोठ्या आवाजात म्हणाला, "मीठ पूर्ण बंद करा असं कोणी सांगितलं होतं?" वॉर्डातल्या बायका वळून पाहू लागल्या. मी म्हटलं, "आणि या गोळीनं असं होते, रक्त तपासत राहा, हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?" तो चष्मा पुसत बसला. चांगला पुसला.
सलाईन हळूहळू देतात. सोडियम एकदम चढवलं तर मेंदूलाच धोका. आता म्हणे घाई नको.
आई पायथ्याशी बसून. "इतके दिवस मी अळणी चारलं." हेच घोकत राहते. काका बाहेर पानटपरीवर सगळ्यांना सांगते, गोळ्याच नकली निघाल्या.
श.चा मेसेज. गेट वेल सून अंकल आणि एक गुलाबाचं फूल. फूल! माझ्या बापाला झटके आले आणि ही फूल पाठवते. सकाळपासून तेच उघडून पाहून राहिलो.

१ नोव्हेंबर
घरी आलो. मनाची आणि लघवीची, दोन्ही गोळ्या डॉक्टरने बंद केल्या, बीपीची दुसरी दिली. भाजीत बेताचं मीठ आलं. बाबांनी आईला नावाने हाक मारली. आणि रडणं परत. गाडीतून उतरले, धानाचे भारे पाहिले, हंबरडा.
पण हे फक्त रडणं नाही. रात्री जेवले नाहीत. हाताचा व्यायाम करायचा तर हात मागे घेतात. म्हणाले, "मा... मारून टाका." हे रडत नव्हते तेव्हा म्हटलं. कोरड्या डोळ्यांनी.
मी डॉक्टरला फोन केला. यावेळी नीट बोलला, मान्य करावं लागेल. म्हणे हे मनाचं दुखणंही आहे, त्यांना एकटं सोडू नका. वेगळ्या जातीची गोळी आहे, अगदी कमी डोस, रक्त तपासत तपासत. धोका कमी, पण आहे. गोळीशिवाय राहण्याचाही धोका आहे. घरात ठरवा, मंगळवारी पेशंटला घेऊन या.

३ नोव्हें., सोमवार
घरात ठरवणं म्हणजे बाबांच्या खाटेभोवती भांडण.
आई : "माह्या घरात ते गोळी येनार नाही. विष आहे ते."
काका : "द्या. देवरीवाले पुन्हा येऊन राहिले."
मी : "तुझ्या देवरीवाल्यायच्या..." पुढचं लिहीत नाही. पण मी तरी काय सांगत होतो? द्या म्हणत होतो. मला ते 'मारून टाका' पुन्हा ऐकायचं नाही, म्हणून.
बाबा मधात पडून, डोळ्यांतून पाणी. एकदम लक्षात आलं, आम्ही तिघे ज्याच्याबद्दल ओरडून राहिलो तो इथंच आहे. गोळी चालू केली, दुप्पट केली, बंद केली, या माणसाला कोणी विचारलं नाही. अख्खं गाव पाण्याचं यांना विचारत होतं.
खाली बसलो. "बाबा, नवी गोळी घेता का? कमी रडाल, मनाले बरं वाटेल. पन पुन्हा बिघडूही शकते. तुमी सांगा."
काका : "त्याईले काय समजते?"
"भायेर हो." मी उठलो नाही, आवाजही चढवला नाही. गेला बाहेर, बडबडत.
बाबांनी डोळे पुसले, डाव्या हाताने. ओठ हलवले. "मी..." म्हणाले आणि अडकले. आई पुढचं वाक्य सांगायला वाकली, तिला थांबवलं. बाबांच्या तोंडात शब्द जुळायला वेळ लागते. फार वेळ लागते.
आम्ही बसून आहोत.