लाल दोरा, पिवळा दोरा

नाना, आज मी विजेचा प्रवाह उलटा वळवला, तोही तारेला हात न लावता. पेन्सिलीतल्या शिशाचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा असतो, ग्राफीन म्हणतात त्याला. त्यावर दोन प्रकाश सोडायचे, एकाची कंपनं दुसऱ्याच्या दुप्पट. इलेक्ट्रॉनला हलवायला पहिल्याचा एक कण पुरतो, दुसऱ्याचे दोन लागतात. या दोन वाटा एकमेकींत मिसळतात, एका बाजूला जोर धरतात, दुसऱ्या बाजूला विरतात, आणि बॅटरीशिवाय प्रवाह वाहतो. एक प्रकाश किंचित मागे ठेवला की तोच प्रवाह उलट्या दिशेला. तुमच्या मोटारीचं गणित वेगळं, ठाऊक आहे मला. पण पडद्यावरचा आकडा उणे झाला आणि मला धरणगावचं आपलं मोटार-रिवाइंडिंगचं दुकान दिसलं, वार्निशच्या वासासकट.

विहिरीवरची मोटार दुरुस्तीला सोडवताना, कुठली तार कुठल्या तारेला होती ते परत जोडताना कळावं म्हणून, तुम्ही तारांच्या तिन्ही जोड्यांना लाल, पिवळा, निळा दोरा बांधायचात. नानांची मोटार पहिल्या खटक्याला सुलटी फिरते, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. मी बारा वर्षांची, नको तिथे डोकं चालवणारी. कमाल तुमच्या हाताची की दोऱ्याची, हे मला बघायचं होतं. मोटारीच्या तारांवरचे लाल आणि पिवळा हे दोन दोरे मी गुपचूप आपसात बदलले. तुम्ही विहिरीवर खटका दाबलात, मोटार उलटी फिरली, पाणी वर येईना. शेतमालक हसला. "नाना, आते डोयाले कमी दिसस का?" तारा बदलता बदलता तुम्ही म्हणालात, "व्हय भाऊ, वय व्हई गयं." पाणी आलं. परतताना मला मागे बसवून तुम्ही सायकल फार हळू, रस्ता निरखत चालवलीत.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात मला शेजारी पाटावर बसवलंत. "पोरी, रंग सांग." मी सांगायचे, तुम्ही जोडायचात. डॉक्टर म्हणाले डोळे ठणठणीत आहेत, तरी तुम्ही शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाहीत. मी मात्र त्या पाटावर बसून वीज शिकले, तुमच्या मांडीला मांडी लावून. इतकं सुख मला पुढे कुठल्या वर्गात मिळालं नाही.

हे पत्र वहीतच राहणार. डोळे चांगले होते तुमचे, नाना. दोरे मी बदलले होते. मार बसेल म्हणून गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे. खरं सांगितलं असतं, तर तुमच्या शेजारची जागा गेली असती.