शुद्ध चिनी, मुक्काम चिखली

३ नोव्हेंबर
आजपासून चिनी. बाबांच्या ओळखीच्या वामनरावांच्या मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चीनहून मशीन येतंय. तिकडच्या इंजिनिअरशी व्हिडिओ कॉलवर बोलायला दुभाषी हवा. जमलं तर कायम नोकरी. नाही जमलं तर जानेवारीपासून नर्सरीत बाई, असं घरात ठरलंय. पोरांची नाकं पुसायला मी एम.ए. झाले नाही.

५ नोव्हेंबर
पद्धत ठरली. ॲपबिप नको, बाजारू प्रकार. चौथीपर्यंत आजोबांनी मला घरीच शिकवलं: आधी पाठांतर, मग उच्चार, अर्थ मागून येतो. म्हणून एक प्राचीन कविता घेतली. चार ओळी, वीस अक्षरं. बदली झालेला अधिकारी धुक्यातून नावेने जातो. मूळ हातात आलं की फांद्या जातात कुठे?

११ नोव्हेंबर
चिनीत चार सूर. लोक उगाच घाबरतात. आजोबांकडे स्वरासकट मंत्र म्हणायचे. सूर चढला की हात वर, उतरला की खाली. तेच केलं. 'चार'मधला च आणि 'चुली'तला च, दोन्ही तिकडे आहेत. आपल्याला जन्मजात. शंतनु, धाकटा भाऊ, दारातून म्हणाला, "ताई, माशा हाकलून राह्यली का?" इंजिनिअरिंगला जाऊन ही भाषा.

२४ नोव्हेंबर
तीन ओळी पाठ. खरं लिहायचं तर अडीच. शब्दसंग्रह: नाव, धुकं, घाट, एकटा, मावळणं. शंतनुने विचारलं, मशीनच्या पट्ट्याला काय म्हणतात? कवितेत पट्टा नाही. क्षुद्र प्रश्न.

९ डिसेंबर
चौथी ओळही झाली. तिसरा सूर नीट लागतो का, ते दहादा तपासलं. वामनरावांना फोनवर कविता ऐकवली. म्हणाले, "वा वा! पण याच्यात मशीन कुठी हाय बाप्पा?" कापूसवाल्यांकडून रसिकतेची अपेक्षा नव्हतीच.

१७ डिसेंबर, सकाळी
आज कॉल. खडीसाखर घेतली. निघते.

१७ डिसेंबर, संध्याकाळी
सगळं लिहिते, लपवाछपवी मला जमत नाही. मशीन उलटं फिरत होतं. इंजिनिअर पडद्यावर आले. मी आधी पूर्ण कविता म्हटली, हातासकट. ते थक्क झाले, आणखी तिघांना बोलावलं, टाळ्या वाजल्या. मग ते बोलू लागले आणि एक अक्षर कळेना. कारण उघड आहे. उच्चार अत्यंत अशुद्ध. सूर गिळतात, शब्द एकमेकांवर चढवतात. खेड्यातले असावेत. फरक कळावा म्हणून मी पुन्हा म्हटली, सावकाश. पुन्हा टाळ्या.
वामनराव ओरडले, "पोरी, मशीन उल्टं काऊन फिरून राह्यलं ते विचार नं!" उलट्याला शब्द नव्हता. 'नाव मावळली' असं चिनीत म्हणून पाहिलं. शेवटी वामनरावांनी स्वतःचा मोबाईल तोंडाशी धरला. ते वऱ्हाडीत बोलले, मोबाईल चिनीत बोलला. दोन वायरी बदलल्या, मशीन सुलट.
मोबाईलचा तिसरा सूर सदोष होता. पण ऐकणार कोण?

२० डिसेंबर
वामनरावांचा फोन. दुभाष्याची गरज नाही, मोबाईलवर भागतं. पण उद्घाटनाला चीनचे साहेब येणार, तेव्हा स्वागतगीत म्हणून "ते गाणं" पाहिजे. "हात हालवते ना, ते बी कर." ते गाणं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मग विचार केला, कॉलवर आवाज फाटतो. समोरासमोर शुद्ध उच्चार ऐकले की साहेब स्वतःच नोकरीचं बोलतील. नर्सरीच्या मुख्याध्यापिकांना अजून होकार कळवलेला नाही.

३ जानेवारी
उद्घाटन झालं. हार, नारळ, मग मी. एकही सूर चुकला नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, त्यात काहीतरी बोलले. मोबाईल मराठीत म्हणाला, "फारच गोड. ही तुमच्याकडची कोणती भाषा आहे?"
वामनराव म्हणाले, संस्कृत.
मी दुरुस्ती केली नाही. सोमवारपासून नर्सरी.