प्रोजेक्ट शेवंती

८ एप्रिल, मंगळवार

स्लाइडवरचा लोगो पुन्हा हलला. मी हलवलेला नाही, फाइल दुसऱ्या मशिनवर उघडली की तो आपोआप सरकतो. पण दर्शन सरांनी त्याभोवती लाल गोल काढून पाठवलं – 'सर्वेश, डोळे उघडे ठेवून काम कर.' ते मुंबईच्या ऑफिसात. मी इथे रत्नागिरीत, मांडवीला, माडीवर, आईच्या शिलाई मशिनच्या टेबलावर. तीन महिने झाले, अजून आमची समोरासमोर भेट नाही.

कंपन्यांच्या अहवालांतून आकडे काढायचे, तक्त्यात भरायचे. हाताने भरलेला आकडा निळा, सूत्रातून आलेला काळा. मग स्लाइडी. मग सरांच्या सूचना. त्या दुरुस्त करून पाठवल्या की त्यांवर सूचना. वीज गेली तर मोबाइलवरून, रेंज गेली तर गच्चीवर. गच्चीवर ऊन एवढं की स्क्रीन दिसत नाही.

मेअखेरीस ठरणार – कायम, की रामराम. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेल्याला गुंतवणूक बँकेत कोण घेतं? मला घेतलं ते चाचणीत एकही चूक नव्हती म्हणून. तेव्हापासून प्रत्येक फाइल पाठवताना वाटतं, ही ती चूक.

शेजारच्या आनंदीबाई दुपारी पासबुक घेऊन आल्या. "बँकेत लागलास ना? मग हे भरून आण."

ती बँक वेगळी, म्हटलं. आम्ही कंपन्या विकायला मदत करतो.

"म्हणजे दलाल."

आई पोटभर हसली. "दलाल तर दलाल. सावलीत बसून आहे माझा झील."

११ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर तळटिपा.

१४ एप्रिल, सोमवार

आज सगळ्यांना सुट्टी. मला नाही. आईलाही नाही – आंबा पिकायचा थांबत नाही. ती आणि आनंदीबाई नेहमीसारख्या कंपनीच्या बसने मिरजोळ्याच्या कारखान्यात गेल्या. आई गर काढायच्या हॉलमध्ये, आनंदीबाई पॅकिंगच्या शेडमध्ये. बाबा गेले तेव्हापासून आई तिथे आहे. घर त्यावरच चाललं. माझे इथले पैसे बसच्या पासाएवढेच.

१६ एप्रिल, बुधवार

नवं काम. नाव 'प्रोजेक्ट शेवंती'. खरं नाव कुणालाच सांगत नाहीत, काम झाकलेलं राहावं म्हणून फुलाचं नाव. फळप्रक्रिया करणारी कंपनी विकायची आहे, दोन कारखाने. खरेदीदारांना आधी बिननावाची माहिती दाखवायची. मला कालच काढलेले फोटो दिले – त्यांतल्या पाट्या पुसायच्या, चेहरे धूसर करायचे, कुठला कारखाना ते कळता कामा नये.

सहाव्या फोटोत गर काढायचा हॉल. बायका एका रांगेत, टोप्या, मास्क, पांढरे एप्रन. तिसऱ्या बाईचा एप्रन मागे न बांधता कमरेला पिनेने अडकवलेला. बंद तुटलाय. ती पिन मी सोमवारी शोधून दिली होती.

मग चेहरा धूसर केला. मास्कमुळे अर्धा झाकलेलाच होता. एकदा केला तर कडा दिसत होती, म्हणून पुन्हा केला.

सरांचं उत्तर आलं – 'फोटो स्वच्छ झालेत. छान.' तीन महिन्यांतलं पहिलं छान.

१७ एप्रिल, गुरुवार

गोपनीयतेचा कागद काढून पुन्हा वाचला. घरच्यांनाही सांगायचं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सही माझीच. आई तिथे कामाला आहे हे सरांना सांगायला हवं. सांगितलं तर या कामातून काढतील. दुसरं काम हातात नाही. म्हणजे मेअखेर दाखवायलाही काही नाही.

उद्या सांगेन.

१८ एप्रिल, शुक्रवार

नाही सांगितलं.

२२ एप्रिल, मंगळवार

खरेदीदार दिल्लीचे. त्यांना दोन हिशोब हवेत – दोन्ही कारखाने ठेवले तर, आणि मिरजोळे बंद केला तर. मी एक चौकट केली. तिथे १ लिहिलं की मिरजोळे चालू, ० लिहिलं की बंद. पगार, डिझेल, बस, सगळं त्या चौकटीवरून जातं. ० लिहिल्यावर नफा वाढतो. जागेचे पैसे येतात ते वेगळेच.

सूत्रात चूक असेल म्हणून सगळं परत तपासलं. चूक सापडावी असं पहिल्यांदाच वाटलं. नाही सापडली.

चौकटीत १ ठेवून फाइल पाठवली. सरांनी ० करून परत पाठवली. 'हाच मुख्य धर.'

२५ एप्रिल, शुक्रवार

यमुनाबाई आल्या होत्या. स्टँडजवळ त्यांची खानावळ आहे. त्यांच्याकडची स्वयंपाकीण गावाला गेली ती गेलीच. एकच बाई हवी आहे, आईच्या हातची कढी त्यांना ठाऊक.

"अक्षय्यतृतीयेपर्यंत सांग मालन. नंतर मी दुसरी बघेन."

आईने तिथल्या तिथे मान हलवली. "कायमची नोकरी सोडून चुलीपुढे बसू? याचं एकदा कायम होऊ दे, मग बघू."

"याचं होईल गो. पोरगं दिवसभर त्या पेटीला चिकटलेलं असतं."

"होईल तेव्हा."

मी जिन्यात उभा होतो. खाली आलो, पाणी प्यायलो, वर गेलो. बोलायला काय लागतं? 'हो म्हण' एवढंच. पण आई का म्हणून विचारणार. आणि आईला कळलं की आनंदीबाईंना कळणार, आणि मग सगळ्या बसला. बसमध्ये काही लपत नाही. बातमी फुटली तर पहिला संशय रत्नागिरीतल्या माणसावर. तो एकच आहे.

२६ एप्रिल, शनिवार

दर्शन सरांचा फोन. सोमवारी खरेदीदारांना घेऊन ते मिरजोळ्याला येणार. 'तू तिथलाच ना? बरोबर राहा. मराठी लागेल. आणि कुणी विचारलं तर ऑडिटला आलोय म्हणायचं. कामगारांना कळलं तर व्यवहार बिघडतो.'

हीच वेळ होती. तोंडातून 'येस सर' गेलं.

२७ एप्रिल, रविवार

आईला म्हटलं, उद्या रजा घे, थकलेली दिसतेस.

"हंगामात रजा? तुला ताप आलाय काय?"

२८ एप्रिल, सोमवार

आई बसने पुढे गेली. मी मागाहून रिक्षाने. दर्शन सर फोटोपेक्षा बुटके आहेत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'सर्वेश, फायनली.' आत जायच्या आधी सगळ्यांना टोपी, मास्क, पांढरा कोट. मला बरं वाटलं – कोणी ओळखणार नाही.

पॅकिंगच्या शेडकडे गेलोच नाही. सरळ गर काढायच्या हॉलमध्ये. आंब्याचा वास इतका दाट की खोकला येतो. बायकांनी वर बघितलं, परत खाली बघितलं. साहेब येतात, जातात.

आईने बघितलं. टोपी, मास्क, कोट – काही उपयोग झाला नाही. तिचा हात आंब्यावर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

दिल्लीचे साहेब नेमके तिथेच उभे राहिले. मला म्हणाले, 'आप मराठी में पूछिए, खुलके बोलेंगी. कितने साल से हैं?'

दर्शन सर माझ्याकडे बघत होते.

मी विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"सोळा, साहेब."

आई मला साहेब म्हणाली. आवाजही वेगळाच काढला, कामावरचा.

'काम में कोई दिक्कत?'

"कामात काही अडचण आहे का तुम्हाला?"

"नाही साहेब. आमचं बरं चाललंय." मग जरा थांबून – "तुमचं होऊ दे नीट."

शेवटचं वाक्य मी हिंदीत सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. साहेब पुढे गेले, छताकडे बघत, जागा मोजल्यासारखे.

घरी आल्यावर आईने हात धुतले, भात लावला. मी ताटावर बसलो तेव्हा म्हणाली, "ती तुझ्या हापिसातली माणसं ना?"

हो म्हटलं.

"म्हणजे ऑडिट नव्हे."

मी भात कालवत राहिलो.

"मिरजोळं राहणार काय रे?"

"आई, यमुनाबाईंना हो म्हण."

तिने मला आमटी वाढली. स्वतः घ्यायची विसरली.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी बसला निघताना चपला घालून परत आत आली. हळू म्हणाली, "आनंदीला सांगू काय? एकत्र लागलो आम्ही तिथे."

नको म्हटलं. माझी नोकरी जाईल.

बाहेरून आनंदीबाई हाका मारत होत्या, "मालन, चल गो, बस हलली."

आई गेली. मी तिला काय करायला सांगितलंय ते मला माहीत आहे. हे लिहितानाही दर्शन सरांच्या सूचना येतायत – पान चार, समास कमी कर.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्यतृतीया. आई यमुनाबाईंना हो सांगून आली. पुरण तिने केलं, जेवलं कोणीच नाही धड.

६ मे, मंगळवार

आई कामावरून मोकळी झाली. बायकांनी तिला साडी दिली. ती तिने घडी न मोडता कपाटात ठेवली.

९ मे, शुक्रवार

मेल आला. मेअखेरची वाट बघावी लागली नाही. 'मिरजोळ्याला तू शांतपणे हाताळलंस' – त्यामुळे कायम. आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं." मी वर येऊन चालू फाइल उघडली. चौकटीत अजून ० आहे.

१३ मे, मंगळवार

आनंदीबाई पेढे घेऊन आल्या. आईच्या जागी त्यांच्या सुनेला घेतलं, आरोहीला. कपड्यांच्या दुकानातली नोकरी तिने कालच सोडली. "मालन, तुझ्यामुळे झालं गो. पण एवढी चांगली नोकरी तू सोडलीस कशी?" आईने पेढा घेतला. म्हणाली, "गुडघे धरतात गो आता, उभं राहवत नाही." आईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.